पंच्याण्णव टक्क्यांची रेघ

एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून एक अवाढव्य फुगा आकाशात सोडण्यात आला. त्याच्याखाली द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या, निर्जंतुक आणि निर्वात केलेल्या पोलादी नळ्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्या नळ्यांत गोठवून खाली आणायची आणि तिच्यात जिवंत काही सापडतं का ते पाहायचं, असा बेत होता. प्रयोगाचे प्रमुख पुण्याच्या आयुकाचे जयंत नारळीकर. जीवशास्त्राची बाजू हैदराबादच्या सीसीएमबीचे एस. शिवाजी आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचे योगेश शौचे यांच्याकडे होती. २००९ मध्ये निकाल जाहीर झाले. मिळालेल्या जिवाणूंपैकी तीन विज्ञानाला नवे होते. एकाचं नाव ठेवलं जॅनिबॅक्टर हॉयली, नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्या स्मरणार्थ. दुसरा बॅसिलस इस्रोनेन्सिस, इस्रोच्या नावाने. तिसरा बॅसिलस आर्यभट्टाय. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं त्या गटाने म्हटलं नव्हतं, तरी वर्तमानपत्रांना व्हायच्या त्या गुदगुल्या झाल्याच.

या नावांचं पुढे काय झालं, हे मात्र कुठल्या वर्तमानपत्राने छापलं नाही. हॉयली जागेवर राहिला. इस्रोनेन्सिस बॅसिलसमधून उठून सोलिबॅसिलस नावाच्या वंशात गेला. आर्यभट्टायची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. २०१९ मध्ये त्याचा जीनोम बॅसिलस मेगॅटेरियमच्या जीनोमशी ताडून संशोधकांनी निष्कर्ष मांडला की हे दोन जीव वेगळे नाहीतच. मेगॅटेरियमला जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डी बारी यांनी १८८४ मध्ये नाव दिलेलं होतं आणि नियमाप्रमाणे जुनं नाव टिकतं. पुढच्याच वर्षी आणखी एका गटाने बॅसिलस हा अख्खा वंश फोडला आणि मेगॅटेरियमची रवानगी प्रिस्टिया या नव्या वंशात झाली. म्हणजे आकाशातून आणलेला जिवाणू मातीत सर्रास सापडणाऱ्या जुन्या ओळखीच्या जिवाणूचा भाऊबंद निघाला, आणि पाठोपाठ त्या जुन्याचंही नाव बदललं. शोधनिबंधांत आजही प्रिस्टिया आर्यभट्टाय हे नाव राजरोस भेटतं.

यात चूक कुणाचीच नाही. २००९ साली जी मोजपट्टी सर्वमान्य होती, तिने मापून नावं दिली गेली. दहा वर्षांनी मोजपट्टी बदलली. जीनोमिक्सच्या युगातलं जिवाणूंचं वर्गीकरण समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी लागते. जीनोमने दोन जिवाणूंमधलं अंतर मोजण्याचं अचूक साधन हाती दिलं, पण त्या अंतरावर रेघ कुठे मारायची हे सांगितलं नाही. ती रेघ माणसंच मारतात, आपापल्या गरजेनुसार, आणि गरजा एकमेकींशी भांडतात.

प्राण्यांच्या बाबतीत निदान एक ढोबळ कसोटी आहे: आपसांत प्रजनन होऊन प्रजननक्षम संतती झाली तर प्रजाती एक. जिवाणू दुभंगून वाढतो, त्याला जोडीदार लागत नाही. उलट तो शेजाऱ्याकडून, कधी अगदी परक्या कुळातल्या जिवाणूकडून, जनुकं उचलून आपल्यात सामावून घेतो. लिनियसने अठराव्या शतकात सगळी सजीवसृष्टी कप्प्यांत बसवली, पण सूक्ष्मजीवांपाशी त्याने हात टेकले आणि त्यांच्यासाठी ‘केऑस’ असा वंशच करून टाकला. नाव बोलकं होतं.

पुढची शंभर-दीडशे वर्षं जिवाणू ओळखले गेले ते दिसण्यावरून आणि खाण्यावरून. १८८४ मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या हान्स क्रिस्तियान ग्राम या डॅनिश डॉक्टरला वर्गीकरण करायचंच नव्हतं. न्यूमोनियाने मेलेल्यांच्या फुप्फुसातले जिवाणू त्याला नीट दिसायला हवे होते. त्याच्या जांभळ्या रंगाने जिवाणूंचे दोन तट पाडले, आणि आजही रुग्णालयाच्या अहवालात सर्वांत आधी तेच लिहून येतं. १९२३ मध्ये बर्गी यांची जाडजूड मार्गदर्शिका आली. आकार, रंग, कुठली साखर आंबवतो, वायू सोडतो का, अशा प्रश्नांच्या पायऱ्या उतरत नावापर्यंत पोहोचायचं. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बीएस्सी केलेल्या कुणालाही इंडोल, मिथिल रेड, व्होग्स-प्रॉस्काउर आणि सिट्रेट या चार चाचण्यांच्या नळ्या आठवत असतील. ही पद्धत ओळख पटवायला उत्तम होती. नातं सांगायला मात्र ती निरुपयोगी होती, आणि हे तिच्या कर्त्यांनाही ठाऊक होतं. स्टॅनियर आणि व्हान नील यांनी १९४१ मध्ये जिवाणूंची नैसर्गिक वंशावळ मांडायचा प्रयत्न केला. १९६२ पर्यंत त्यांनीच त्या आशेवर जवळजवळ पाणी सोडलं होतं.

नावांचा तर बाजार भरला होता. एकाच जिवाणूला पाच-पाच नावं, आणि कित्येक नावांमागे आता कुठलाच जिवंत नमुना नाही, अशी स्थिती. तेव्हा नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने एक धाडस केलं. १ जानेवारी १९८० पासून मान्य नावांची नवी यादी लागू झाली. तीत नसलेलं प्रत्येक नाव बाद. हजारो नावांतून जेमतेम अडीच हजार उरली. वनस्पतिशास्त्रात किंवा प्राणिशास्त्रात अशी पाटी कोरी करण्याची हिंमत कुणी केलेली नाही.

वंशावळ मिळाली ती इलिनॉयमधल्या कार्ल वूझ यांच्याकडून. प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारं रायबोसोम असतं आणि त्यातला १६एस नावाचा आरएनएचा तुकडा इतक्या सावकाश बदलतो की अब्जावधी वर्षांची नाती त्यात वाचता येतात. १९७७ मध्ये वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं की ज्यांना सरसकट जिवाणू म्हटलं जात होतं त्यांत अर्किया नावाची एक स्वतंत्र शाखाच दडलेली आहे. पण दूरची नाती दाखवणारा हा तुकडा जवळच्या नात्यांत फसतो. काळपुळीचा जिवाणू आणि भातातून विषबाधा करणारा बॅसिलस सेरेयस यांचा १६एस जवळपास एकसारखा आहे. एका जिवाणूने जनावर दोन दिवसांत मरतं, दुसऱ्याने माणसाला दिवसभर उलट्या होतात.

जवळच्या नात्यांसाठी दोन जिवाणूंचा डीएनए गरम करून धागे सुटे करायचे, एकत्र थंड करायचे आणि किती टक्के एकमेकांशी जुळतात ते पाहायचं, अशी पद्धत होती. ७० टक्के जुळणी म्हणजे एक प्रजाती, असं १९८७ मध्ये ठरलं. काम किचकट, आणि निकाल एका प्रयोगशाळेतून दुसरीत जाताना बदलायचा. पूर्ण जीनोम वाचणं स्वस्त झाल्यावर या प्रयोगाची जागा संगणकाने घेतली. दोन जीनोमचे समान भाग शेजारी ठेवायचे आणि अक्षरांचं सरासरी साम्य काढायचं. जुना ७० टक्क्यांचा निकष या नव्या मापात साधारण ९५ टक्क्यांना जुळतो, असं दिसलं. म्हणून ९५.

या आकड्यामागे निसर्गाचा एखादा नियम आहे का? २०१८ मध्ये सुमारे ९०,००० जीनोमची आपसांत तुलना झाली आणि एक लक्षणीय गोष्ट दिसली: जोड्या एकतर ९५ टक्क्यांच्या वर असतात किंवा ८३ टक्क्यांच्या खाली, मधला पट्टा जवळपास रिकामा. यावरून अनेकांना वाटलं, प्रजाती खरोखरच आहेत, त्या आपण कल्पलेल्या नाहीत. आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की जीनोमच्या कोठारांत रोगजंतूंची गर्दी आहे. एकाच साथीतले शेकडो नमुने वाचले गेले आणि माती-समुद्रातले अगणित जीव राहून गेले, मग मधला पट्टा रिकामा दिसणारच. या वादात दोन्ही बाजूंकडे थोडं तथ्य आहे. गुच्छ दिसतात हे खरं, पण ९५ हा आकडा जुन्या प्रयोगाशी जमवून घेतलेला आहे हेही खरं. हीच पट्टी माणसाला लावली तर माणूस, चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान हे चौघे एका प्रजातीत बसतील. प्राणिशास्त्रज्ञ ते चालवून घेणार नाहीत. जिवाणूशास्त्रज्ञांनी चालवून घेतलं, कारण त्यांना कुठेतरी थांबणं भाग होतं.

आणि रेघेच्या आत काय काय मावतं, ते पाहण्यासारखं आहे. प्रयोगशाळेतला एश्चेरिशिया कोलायचा के-१२ हा गरीब वाण आणि रक्ती जुलाब लावून मूत्रपिंडं निकामी करणारा ओ१५७:एच७, दोघांचं नाव एकच. २००१ मध्ये ओ१५७चा जीनोम वाचून झाला तेव्हा त्यात के-१२मध्ये नसलेली १,३००हून जास्त जनुकं निघाली. के-१२ची एकूण जनुकंच सुमारे ४,३००. समान भागांची अक्षरं ताडणारी पट्टी या जास्तीच्या जनुकांकडे पाहतच नाही. २०११ मध्ये जर्मनीत ई-कोलायचीच साथ आली, सुमारे ४,००० लोक आजारी पडले आणि पन्नासहून जास्त दगावले. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, मग माग मोड आलेल्या कडधान्यांकडे आणि शेवटी इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांकडे गेला. जीनोम काही दिवसांत वाचून जगासमोर ठेवला गेला, तेव्हा कळलं की ओ१०४:एच४ या वेगळ्याच वाणाने एका विषाणूमार्फत शिगा विषाचं जनुक मिळवलेलं होतं. तिथल्या डॉक्टरांना ‘ई-कोलाय’ या प्रजातीच्या नावाचा उपयोग जवळजवळ शून्य होता. हवं होतं ते वाणाचं आणि विषाचं नाव.

आता उलटी बाजू. शिगेला हा हगवणीचा जिवाणू कियोशी शिगा यांनी जपानमध्ये १८९० च्या दशकात शोधला. त्याला स्वतंत्र वंश मिळाला, चार प्रजाती मिळाल्या. जीनोम सांगतो की हे चारही ई-कोलायच्याच झाडाच्या वेगवेगळ्या फांद्यांवर उगवलेले आहेत. नात्याचा कौल एकतर्फी आहे, आणि जीटीडीबी या जीनोमवर आधारलेल्या वर्गीकरणाने शिगेला हा वंश ठेवलेलाच नाही. रुग्णालयांनी मात्र तो सोडलेला नाही. शिगेलाचे अगदी थोडे जंतू पोटात गेले तरी माणूस आजारी पडतो. अहवालात ‘ई-कोलाय’ असं आलं तर निम्मे डॉक्टर तो नेहमीचा आतड्यातला रहिवासी समजून पुढे जातील.

हा पेच कायद्याच्या भाषेत सोडवला गेला तो प्लेगच्या निमित्ताने. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. पुढच्या जानेवारीत हाफकिन यांनी मुंबईतच तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. ज्या जिवाणूने हे सगळं घडवलं तो यर्सिनिया पेस्टिस. १९८० मध्ये डीएनए-जुळणीने दाखवलं की तो यर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस या मानाने सौम्य, पोटदुखीच्या जिवाणूपासून वेगळा काढता येत नाही. काही हजार वर्षांपूर्वी त्याने दोन प्लाझ्मिडं मिळवली आणि पिसवांतून पसरायला लागला, एवढाच फरक. प्रस्ताव आला: याला स्यूडोट्युबरक्युलोसिसची उपप्रजाती करा. शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड. १९८५ मध्ये नामकरणाच्या न्यायिक आयोगाने तो फेटाळला. जिवाणूंच्या नियमावलीत धोकादायक नावासाठी खास तरतूद आहे, ज्या नावाने अपघात होऊ शकतो किंवा जीव जाऊ शकतो असं नाव नाकारता येतं. आयोगाने तीच वापरली.

आयोगाने बरोबर केलं. विज्ञानाने भीतीपुढे मान तुकवली असं म्हणणारे विसरतात की नाव आणि वंशावळ ही दोन वेगळी कामं आहेत. वंशावळीत प्लेगचा जिवाणू कुठे बसतो हे त्या निर्णयाने लपवलं नाही. कोणत्याही झाडाच्या आकृतीत तो आपल्या चुलत्यांच्या घोळक्यातच दिसतो. नाव वापरणारा माणूस दुसरा असतो. त्याला अर्ध्या मिनिटात निर्णय घ्यायचा असतो.

सेरेयसच्या कुळात तर सगळी भिस्त प्लाझ्मिडांवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या कड्यांवर आहे. पीएक्सओ१ आणि पीएक्सओ२ या दोन कड्या असल्या की काळपुळी. आणखी वेगळ्या कड्या, ज्यांच्यावर अळ्यांना मारणाऱ्या स्फटिकाची जनुकं असतात, त्या असल्या की बॅसिलस थुरिंजिएन्सिस. त्याच्यातलं क्राय१एसी हे जनुक कपाशीत घातलं आणि २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या तोंडी रुळलेलं ‘बीटी’ हे नाव ज्या जिवाणूचं, तो जीनोमच्या पट्टीवर सेरेयसपासून नीट वेगळा होत नाही. कड्या गळू शकतात, इकडून तिकडे जाऊ शकतात. आयव्हरी कोस्टच्या ताई अरण्यातले चिंपांझी ज्याने मेले, तो जिवाणू वंशाने सेरेयस होता आणि कड्या काळपुळीच्या बाळगून होता. अशा वेळी नाव कशावरून ठेवायचं, गुणसूत्रावरून की शस्त्रावरून?

क्षयरोगाच्या कुळात हा प्रश्न भारताच्या जास्त जवळचा आहे. माणसाचा, गाईचा आणि आफ्रिकेत आढळणारा असे या कुळातले जिवाणू ९९ टक्क्यांहून जास्त सारखे आहेत. २०१८ मध्ये ते सगळे मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या एका प्रजातीत घालावेत असा प्रस्ताव आला. सीबीनॅट किंवा गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र या वादात पडतच नाही. क्षयाच्या कुळाचा डीएनए थुंकीत आहे का आणि रिफॅम्पिसिनला दाद देईल का, एवढंच ते सांगतं, आणि बहुतेक रुग्णांना तेवढं पुरतं. सगळ्यांना नाही. गाईकडून आलेला बोव्हिस आणि त्याच्यापासूनच तयार केलेली बीसीजी या दोघांवर पायराझिनामाइड हे क्षयाचं नेहमीचं औषध मुळातच चालत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगावर बीसीजी दिल्यानंतर क्वचित तिचाच संसर्ग होतो. तेव्हा ‘बोव्हिस’ हा शब्द औषधाच्या चिठ्ठीत फरक करतो. जे नाव उपचार बदलतं ते वंशावळीच्या नीटनेटकेपणासाठी पुसू नये, आणि जे बदलत नाही ते बदलायला हरकत नाही, असा साधा निकष लावला तर निम्मे वाद मिटतील.

काही वर्गीकरणकर्त्यांनी हे शहाणपण आपणहून दाखवलं आहे. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल आपल्या वंशात बसत नाही हे स्पष्ट झाल्यावर त्याला आधी पेप्टोक्लॉस्ट्रिडियममध्ये टाकायचा विचार झाला. तसं झालं असतं तर रुग्णालयांच्या बोलीतलं ‘सी-डिफ’ मोडलं असतं. २०१६ मध्ये क्लॉस्ट्रिडिऑइडिस हे नाव आलं आणि ‘सी’ वाचला. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या दह्या-लोणच्यांच्या वंशातल्या २६१ प्रजाती २५ वंशांत वाटल्या गेल्या, २३ वंश नवे. फोड गरजेची होती, कारण एकाच वंशात इतके दूरचे नातेवाईक होते की त्या नावाला काही अर्थ उरला नव्हता. पण व्यवहारात महत्त्वाच्या प्रजातींच्या नव्या वंशांची नावं ‘एल’नेच सुरू होतील याची काळजी घेतली गेली, म्हणजे प्रोबायोटिकच्या बाटलीवरचा ‘एल. केसाय’ तसाच राहतो. रस्त्याला नवं नाव दिलं तरी रिक्षावाल्याला जुनंच सांगावं लागतं. इथे निदान दोन्ही नावांचं पहिलं अक्षर तरी जुळवलं. मायकोबॅक्टेरियमचे २०१८ मध्ये पाच तुकडे झाले तेव्हाही पहिलं अक्षर टिकलं, तरी क्षयरोगतज्ज्ञांनी ते पाच वंश अजूनही मनापासून स्वीकारलेले नाहीत.

आतापर्यंतची भांडणं ओळखीच्या, पेट्री बशीत वाढणाऱ्या जिवाणूंची. बहुसंख्य जिवाणू बशीत वाढतच नाहीत. नियमाप्रमाणे नवं नाव अधिकृत व्हायला जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या दोन संग्रहांत जमा करावा लागतो. जीटीडीबीत जीनोमवरून ओळखलेल्या प्रजाती एक लाखाच्या वर गेल्या आहेत आणि अधिकृत नावं त्यांच्या पाव हिश्शाहूनही कमी आहेत. समुद्रतळाच्या गाळातून एक अर्किया वाढवायला जपानी गटाला बारा वर्षं लागली. तिच्या नातेवाइकांचे जीनोम त्याआधीच छापून आले होते. जीनोमच नमुना मानावा हा प्रस्ताव २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने नाकारला. ज्यांना ते पटलं नाही त्यांनी २०२२ मध्ये सेक्कोड नावाची वेगळी नियमावलीच सुरू केली. आज जिवाणूंच्या नामकरणाच्या दोन पेढ्या शेजारी शेजारी चालतात.

सेक्कोडची बाजू बळकट आहे. न वाढणाऱ्या जीवांना निनावी ठेवून त्यांच्यावर बोलताच येत नाही. पण जीनोमवरून औषधाची मात्रा तपासता येत नाही, की अख्ख्या जंतूची लस करता येत नाही. हाफकिन यांना रश्श्यात वाढणारा प्लेगचा जंतूच लागला होता. भारतासाठी यात आणखी एक गाठ आहे. जुना नियम सांगतो की जमा केलेला नमुना जगातल्या कुणालाही मिळाला पाहिजे. २००२ चा जैवविविधता कायदा सांगतो की परदेशी संशोधकाला भारतीय जैवसंपदा देण्याआधी राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी हवी. या दोन वाक्यांच्या मध्ये भारतीय जिवाणूशास्त्रज्ञ अडकले. लोणारच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातून सेसेम्बिया लोनारेन्सिससारखे जीव सापडतात. त्यांना नाव मिळवून द्यायचं तर नमुना देशाबाहेर ठेवायला हवा, आणि ठेवायचा तर कागदपत्रांची रांग.

जीनोमच नमुना ठरला तर ही अडचण जाते आणि दुसरी येते. लोणारच्या पाण्यातला डीएनए एकदा वाचून कोठारात टाकला की त्याची प्रत कुणीही, कुठेही, काही न विचारता उतरवून घेऊ शकतो. त्यातल्या एखाद्या जनुकातून उद्या विकर निघालं, औषध निघालं, तर बुलढाण्याला काय मिळणार? २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात जैवविविधता करारातल्या देशांनी यासाठी एक निधी ठरवला: अशी माहिती वापरून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी त्यात वाटा घालावा. घालावा, म्हणजे ऐच्छिक. जिवंत नमुन्यावर निदान दार अडवता येत होतं. सेक्कोड मान्य करण्याच्या बाजूने भारतीय संशोधकांनी जरूर उभं राहावं, पण ऐच्छिक वर्गणीवर समाधान मानून नाही. नाव नोंदवताना नमुना कुठल्या देशातला आणि कोणत्या परवानगीने घेतला हे नोंदवणं त्या नियमावलीत सक्तीचं करून घ्यावं, आणि ते दोन पेढ्यांचे हिशेब अजून ताजे आहेत तोवरच करावं.